परीक्षेवाचून बढती

चौथीतला मुलगा एकदम सातवीत बसवावा असे कुणी सुचवले, तर त्याला आपण शहाणा म्हणणार नाही. मुलगा हुशार असो, बापाचा खिसा जड असो. मधल्या इयत्ता चुकवायच्या नाहीत हा दंडक आपण सगळ्यांनी मान्य केला आहे. तोच मुलगा अठरा वर्षांचा झाला, हातात परवाना आला, की मात्र दीडशे सीसीच्या गाडीवरून साडेसहाशेच्या गाडीवर त्याला एका संध्याकाळीत बढती मिळते. कुणी त्याला एक प्रश्न विचारीत नाही. पैसे मोजले, पेढे वाटले, चाकाखाली लिंबू चिरडले, की उमेदवार उत्तीर्ण! माझी तक्रार या बढतीविषयी आहे.

पंचवटीत राहणाऱ्या माणसाला ही तक्रार अधिक लागते, त्याला कारण आहे. नाशिकच्या वाहनांना एमएच-१५ हा क्रमांक देणारे प्रादेशिक परिवहन कार्यालय आमच्याच पेठ रस्त्यावर आहे. परवान्यासाठी निघालेली तरुण मंडळी रोज आमच्या डोळ्यांसमोरून जातात. दुचाकीच्या परीक्षेत आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो. वडिलांच्या शंभर सीसीच्या गाडीवर, पाय न टेकता, तो एकदा काढला की परवान्यावर ‘गिअरची मोटारसायकल’ असा शेरा पडतो, आणि तो वयाच्या चाळिशीपर्यंत पुरतो. गाडी शंभर सीसीची असो की हजाराची, शेरा तोच. अडीच मणांच्या गाईच्या पाठीवर हात फिरवता आला, म्हणून कुणाला मस्तवाल वळूची वेसण हाती देत नाहीत. पण आमच्या सरकारचा तोच शिरस्ता आहे.

सरकारला लहानमोठ्या इंजिनातला फरक कळत नाही असे मात्र कुणी समजू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाडीवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला, आणि त्याच दिवशी साडेतीनशेच्या वरच्या गाडीवरचा कर, सेस धरून एकतीस टक्के होता तो, चाळीस झाला. म्हणजे तीनशे पन्नास आणि तीनशे एक्कावन्न यांतला फरक कराच्या खिडकीवर नेमका कळतो. विम्याच्या खिडकीवर तर तो त्याहून आधीपासून कळतो. २०२२ साली ठरलेल्या दरांत थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता दीडशे ते साडेतीनशे सीसीच्या गाडीला १,३६६ रुपये आणि साडेतीनशेच्या वर २,८०४ रुपये आहे, दुपटीहून अधिक. हा विमा गाडीच्या किमतीचा नसतो, ती गाडी दुसऱ्याला जी इजा करील तिचा असतो. ज्या देशात मोठ्या इंजिनाचा धोका रुपये-पैशांत मोजून ठेवला आहे, त्या देशात तो धोका हाती घेणाऱ्या माणसाला मोजण्याची सोय नसावी, ही कसली व्यवस्था? गल्ल्यावर बसलेल्याला जे दिसते ते परीक्षकाला दिसू नये?

बरे, पायऱ्यांचे तत्त्व आमच्या कायद्याला परके असते तरी एक वेळ समजून घेतले असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच सोळा वर्षांच्या मुलाला पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी चालवण्याची मुभा आहे आणि त्यापुढच्यासाठी अठरा वर्षे थांबायला सांगितले आहे. त्याच कायद्यात असेही आहे, की ट्रक-बससारख्या वाहनाचा शिकाऊ परवाना हवा असेल, तर आधी हलक्या मोटार वाहनाचा परवाना निदान वर्षभर जवळ असला पाहिजे. आधी लहान, मग मोठे. मध्ये काळ, आणि काळानंतर परीक्षा. चार चाकांना जे लागू केले ते दोन चाकांना लागू करायला कुणाचा हात धरला होता? वास्तविक चार चाकांची गाडी उभी तरी राहते. दोन चाकांची गाडी माणसाने उभी ठेवावी लागते.

कुणी म्हणेल, आमच्या बापजाद्यांनी बुलेट चालवली, तेव्हा कुठे होत्या तुमच्या पायऱ्या? प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही त्यातच आहे. १९५५ पासून मद्रासेला तयार होऊ लागलेली जुनी साडेतीनशेची बुलेट स्वतःच परीक्षा घेई. ॲमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून पिस्टन जागेवर आणायचा, मगच किक मारायची. ज्याला हे साधले नाही त्याच्या पोटरीवर ती किक उलटून बसे. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. म्हणजे दुसऱ्या गाडीवर शिकलेले सगळे विसरून नव्याने गिरवायचे. इतके करून हाती येई ती अठरा अश्वशक्ती. पैसे असूनही ती गाडी कित्येकांना ‘पावत’ नसे, आणि तसे लोक गुमान आपल्या राजदूतवर किंवा जावावर परत जात. आता अंगठ्याने बटण दाबले की मोठ्यात मोठे इंजिन मांजरासारखे घुरघुरू लागते. यंत्र सोपे झाले याचा आनंदच आहे. पण यंत्राने सोडलेली परीक्षा माणसाने घ्यायला हवी होती, ती कुणीच घेतली नाही.

परीक्षा कशाची घ्यायची, असेही विचारतील. गाडी ती गाडी; क्लच तोच, गिअर तेच. तर ऐका. दीडशेच्या गाडीवर मनगटाला एक सवय लागते: पुढे जायचे तर मूठ पूर्ण पिळायची. पंधरा अश्वशक्तीच्या आत ही सवय खपते, कारण गाडी हळूहळू वेग घेते आणि डोक्याला विचार करायला सवड राहते. चाळीस-सत्तेचाळीस अश्वशक्तीच्या गाडीवर तेच मनगट तितकेच फिरले, तर विचार मागे राहतो आणि गाडी पुढे जाते. दुसरी सवय पायाची. आपल्याकडे बहुतेकांचा भरवसा मागच्या ब्रेकवर असतो. पण जोराने थांबताना भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवण्याचे खरे काम पुढचा ब्रेक करतो. तो एकदम आवळायचा नसतो, चढत्या दाबाने आवळायचा असतो. हे सांगून येत नाही, घोटून येते.

आणि आता पाचवीच्या पोराला सांगता येईल असे गणित. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते. पुढे गाय दिसली, मेंदूला कळले, हात हलला, यात एक सेकंद गेला. सतरा मीटर संपले. उत्तम ब्रेक आणि कोरडा डांबरी रस्ता धरला तरी त्यानंतर थांबायला वीस मीटर लागतात. एकूण सदतीस. वेग एकशेवीस केला की पहिले अंतर दुप्पट होते, पण ब्रेक लागल्यानंतरचे चौपट होते: तेहतीस आणि ऐंशी, एकूण एकशे तेरा मीटर. आमच्या दिंडोरी रस्त्यावर समोरचे एकशे तेरा मीटर मोकळे कधी असतात, हे ज्याने द्राक्षांच्या हंगामात तो रस्ता पाहिला आहे त्यालाच विचारा.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्राच्या परिवहन मंत्रालयानेच छापले आहे. त्यांत दुचाकीवरची शेकडा साडेचव्वेचाळीस. ती सगळी मोठ्या इंजिनांनी मेली असे मी म्हणत नाही. त्यांतली कितीतरी बिचारी साध्या गाडीवरून कामाला निघालेली होती. पण ज्या देशात दोन चाकांवर इतका मृत्यू बसलेला आहे, तिथे अधिक ताकद देताना अधिक विचारपूस व्हावी, एवढेच म्हणतो. माझ्या वर्गात बसून गेलेल्या एका मुलाच्या घरी मला सांत्वनाला जावे लागले. दीडशेवरून चारशेवर येऊन त्याला पाच आठवडे झाले होते. बातमीत नेहमीचे वाक्य होते: ‘वाहनावरील ताबा सुटल्याने.’ ताबा सुटला हे सगळे लिहितात. ताबा आला होता केव्हा, हे कुणी विचारीत नाही.

मोठी गाडी ‘गरजेची’ आहे, हे एक सोंग आहे. ते उतरवलेले बरे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, आमच्या सिन्नर-इगतपुरीवरून गेलेल्या समृद्धी महामार्गावर बंदी, अटल सेतूवर बंदी. केंद्राने २०१८ साली ठरवलेली मोटारसायकलची कमाल मर्यादा चौपदरी महामार्गावरदेखील ताशी ऐंशी. ज्या वेगासाठी हे इंजिन घ्यायचे तो वेग कायद्याने कुठे गाठताच येत नाही. राहता राहिली हौस. आणि हौसेशी माझे भांडण नाही. कसाऱ्याच्या घाटात लांबलचक ट्रेलरमागे रखडलेल्या गाडीवानाला दोन अश्वशक्ती अधिक असाव्यात असे वाटले, तर त्यात पाप नाही. भल्या पहाटे वणीच्या रस्त्याला लागावे, इंजिनाचा ठोका ऐकत जावे, यातले सुख मला कळते. पण तालमीची हौस असणाराही आधी जोर-बैठका काढतो. पहिल्याच दिवशी हिंदकेसरीशी कुस्ती मागत नाही.

आता सर्वांत भारी आक्षेप. ‘मास्तर, परीक्षा वाढवली म्हणजे एक खिडकी वाढली, एक एजंट वाढला!’ हे ऐकून मी गप्प बसावे अशी अपेक्षा असते. पण कॉपी होते म्हणून मॅट्रिकची परीक्षा बंद करा असे कुणी म्हणाले आहे काय? परीक्षा खोटी असेल तर ती खरी करा. खोट्या परीक्षेवरचा उपाय परीक्षाच नको, असे म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा नापास होण्याची धास्ती असते.

बाहेरच्या जगाने हे कसे केले ते पाहावे. युरोपात २०१३ पासून पायऱ्या ठरल्या आहेत. सोळाव्या वर्षी एकशे पंचवीस सीसी आणि सुमारे पंधरा अश्वशक्ती; अठराव्या वर्षी सुमारे सत्तेचाळीस; ती दोन वर्षे चालवल्यावर पुढची पायरी; आणि पायऱ्या न चढता थेट मोठी गाडी हवी असेल तर चोविसाव्या वर्षापर्यंत थांबा. परीक्षेत ताशी पन्नासच्या वेगाने गाडी अचानक थांबवून आणि अडथळा चुकवून दाखवावा लागतो. जपानात चारशे सीसीच्या वरच्या गाडीला वेगळा परवाना आहे. ज्या जपानने जगाला मोटारसायकली विकल्या त्याने स्वतःच्या पोरांना पायरी घालून दिली. आणि मौज पाहा: आपल्याच पुणे रस्त्यावर, चाकणला, युरोपाच्या नावाच्या चाळीस अश्वशक्तीच्या गाड्या तयार होतात. तीच गाडी जहाजात बसून युरोपात उतरली की तिच्या अठरा वर्षांच्या मालकाला दुसऱ्या पायरीची परीक्षा द्यावी लागते. ट्रकमध्ये बसून नाशिकला आली की द्यावी लागत नाही. तिकडच्या पोराचे हाड काचेचे आणि इकडच्याचे लोखंडाचे, असे तर नव्हे ना?

मागणी साधी आहे. नव्याने परवाना घेणाऱ्यांसाठी तीन पायऱ्या करा, आणि त्या सीसीवर नव्हे, अश्वशक्तीवर करा. कारण सीसी हे भांड्याचे माप आहे, आतल्या उकळीचे नव्हे. बुलेट ३४९ सीसीची, पण तिची अश्वशक्ती वीस. २०१२ साली चाकणहून निघालेली दोनशे सीसीची केटीएम पंचवीस अश्वशक्तीची. कर आकारणाऱ्याला हे पाहायचे नसते, परीक्षकाने पाहिले पाहिजे. दोन पायऱ्यांत दोन वर्षांचे अंतर ठेवा. परीक्षेत अचानक थांबणे, अडथळा चुकवणे आणि अरुंद जागेत सावकाश वळणे, या तीन गोष्टी त्या-त्या ताकदीच्या गाडीवर करून घ्या. चाळीस टक्के कर घेताच आहात. त्यातल्या थोड्या पैशांत मैदान आखून होईल.

आणि सरकार जोवर हे करीत नाही, तोवर वडील मंडळींनो, परीक्षक तुम्हीच आहात. बारावीला टक्के पडले म्हणून मोठी गाडी देऊ नका. ती परीक्षा रसायनशास्त्राची होती. आधीची गाडी दोन वर्षे त्याने कशी चालवली, हेल्मेट डोक्यावर होते की हँडलला लटकत होते, एवढे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर आल्यावरच चेकवर सही करा.

कराच्या खिडकीवर सरकारला साडेतीनशेची रेघ नेमकी ओढता आली. परीक्षेच्या मैदानावर रेघ ओढायला खडू लागतो इतकेच. तो नसेल, तर पेठ रस्त्यालगतच्या कोणत्याही शाळेतून खुशाल घेऊन जावा.