तिसरा पुकारा

आमच्या घरात सामना बघताना आरडाओरडा दोन भाषांत चालतो. मुलं माझ्याशी मराठीत आणि त्यांच्या आईशी कन्नडात भांडतात. परदेशी खेळाडूंची नावं मात्र सगळे मिळून बिघडवतात. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात ब्राझीलकडून काका खेळत होता. समालोचकाने त्याचं नाव घेतलं की माझी आई जपमाळ थांबवून विचारायची, “कुणाचा रे काका?” आणि धाकटा उत्तर द्यायचा, “सगळ्यांचा, आजी!” टेनिसमध्ये अँडी मरे आला की “अंडी मरत नाहीत, फुटतात” हा विनोद ठरलेलाच. २०१८ साली आयपीएलमध्ये चेन्नईकडून दक्षिण आफ्रिकेचा लुंगी एन्गिडी उतरला, तेव्हा तर पोरं हसून हसून सोफ्यावरून खाली आली. लुंगी मराठीतही लुंगीच आणि कन्नडातही लुंगीच, त्यामुळे विनोद कुणाला समजावून सांगावा लागला नाही. वर्गात मुलांच्या शुद्धलेखनावर तांबडी शाई ओतणारा मी, मीही पोट धरून हसलो.

वाचकहो, हे आठवायचं कारण उज्जैन.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या मल्लखांब स्पर्धेसाठी ताईसोबत उज्जैनला गेलो होतो. तिथे आमच्या आत्याचं घर आहे. आत्याच्या मराठीत आता हिंदी चांगलंच मुरलंय. सकाळी पोहे-जलेबी समोर ठेवून म्हणाली, “खाऊन घे, मग आराम से निघा.” हे शहर मल्लखांबावर जीव टाकणारं. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला आणि उज्जैनच्या योगेश मालवीय यांना २०२० साली या खेळासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आपण मल्लखांब म्हणतो, कन्नडात मल्लकंब म्हणतात आणि तिकडे मलखंब. खांब बिचारा तिन्ही नावांना उभा राहतो.

माणसाचं तसं नसतं.

स्पर्धा सुरू झाली. माईकवर एक वयस्कर गृहस्थ नावं पुकारत होते. तिसऱ्या पुकाऱ्याला हजर नसेल तर खेळाडू बाद, असा तिथला नियम. एक नाव दोनदा पुकारलं गेलं, कुणी उठलं नाही. नाव इतकं विचित्र ऐकू आलं, की मागच्या बाकावरची मुलं तेच नाव चाळे करत म्हणू लागली आणि हशा पिकला. खरं सांगतो, मलाही हसू आलं. तिसऱ्यांदा पुकारा होणार, तोच भाचीचे सर धावत आले. “अगं, तुझंच नाव आहे ते!”

ती उठली, धावली, दोरीला हात घातला. पण ठोक्यात खेळणारी पोर त्या दिवशी बावरलेलीच होती. एका आसनात पकड सुटली. नंबर गेला. संध्याकाळी घाटावर बसलो असताना ती म्हणाली, “मामा, पकड सुटली त्याचं काही नाही, पुढच्या वेळी बघेन. पण सगळे माझ्या नावाला हसले. आणि तूसुद्धा.”

मी काय बोलणार? क्षिप्रेच्या पाण्याकडे बघत राहिलो.

भाचीने बजावलंय, “माझं आडनाव छापू नकोस.” म्हणून नुसता नमुना सांगतो. इंग्रजीत के, ए, एल, ई अशी चार अक्षरं लिहा. आपण त्याला काळे वाचू. हिंदी भाषक काले वाचेल, कुणी कले म्हणेल आणि इंग्रजी शाळेतलं पोर ‘केल’ म्हणून मोकळं होईल. भाचीच्या आडनावात एक ळ आणि एक ण. हिंदीच्या जिभेला ळ ची सवय नाही, हे खरं. पण घोटाळा तेवढ्यावर थांबला नव्हता. त्या गृहस्थांच्या हातातली यादीच इंग्रजीत होती. नाव मराठी, पुकारणारा हिंदी, दोघांची लिपी देवनागरी आणि मधली यादी तेवढी इंग्रजी!

त्या रात्री आत्याकडे हाच विषय. आत्या हसून म्हणाली, “अरे, या गावात शिंद्यांचे सिंधिया झाले, तुझ्या भाचीचं काय घेऊन बसलास!” खरंच की. ग्वाल्हेरला जाण्याआधी शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती. शेजारच्या इंदूरची तीच कथा. होळ गावचे म्हणून होळकर, पण तिथल्या क्रिकेट स्टेडियमचं नाव हिंदीत होलकर. याच मैदानावर ८ डिसेंबर २०११ रोजी सेहवागने २१९ धावा कुटल्या, तेव्हा आपण घरी ‘होळकर’ म्हणत होतो आणि टीव्ही ‘होलकर’.

मराठी आणि कन्नड, दोन्हींत ळ आहे. म्हणून १९९९ साली दिल्लीला एका डावात दहा बळी घेणारा अनिल आपल्याकडे कुंबळे राहिला, हिंदीत त्याचा कुंबले झाला. पण आपणही फार फुशारकी मारायला नको. इंदूरला जन्मलेला, मराठी घरातला, बेंगळुरूत वाढलेला राहुल आपल्या मराठी पेपरात ‘द्रविड’ असतो आणि बायकोच्या कन्नड पेपरात ‘द्राविड’. एका घरात, एकाच टेबलावर, एकाच माणसाची दोन नावं. इंग्रज समालोचकाने त्याला डेव्हिडच्या चालीवर ‘ड्रॅविड’ केलं, ते आणखी वेगळं.

परत येताना गाडीत मला आठवला तो लुंगी. त्याचं पूर्ण नाव लुंगिसानी. झुलू भाषेत ‘लुंगिसा’ म्हणजे नीट करणं, व्यवस्थित लावणं. किती चांगला अर्थ! आणि आम्ही त्याला कमरेला गुंडाळून मोकळे झालो होतो. आडनावात ‘एन’ असं वेगळं काही नाही. तो नाकातला उच्चार आहे, ‘ङ्गिडी’च्या जवळ जाणारा. क, ख, ग, घ, ङ. बालवाडीपासून आपण हा ङ घोकतो आणि त्याने सुरू होणारा एक शब्द शोधून सापडत नाही. कन्नडातही तो आहेच, आणि तिथेही बसूनच आहे. डरबनचा एक जलदगती गोलंदाज आपल्या ङ ला काम घेऊन आला होता आणि आपण इंग्रजी स्पेलिंग बघून ‘एन्गिडी’ लिहिलं. आपल्याकडे अक्षर होतं, फक्त विचारलं नाही कुणी.

आणि तो काका? त्याचं खरं नाव रिकार्डो. धाकट्या भावाला ते लहानपणी म्हणता येईना, म्हणून त्याने जमेल तसं ‘काका’ केलं आणि तेच नाव जगभर गेलं. २००७ साली जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याचा गौरव झाला, तोही याच नावाने. म्हणजे नाव बिघडलं म्हणून माणूस दुखावतोच असं नाही. भावाने बिघडवलं तर ते लाडाचं होतं. यादीवाल्याने न विचारता बिघडवलं आणि वर लोक हसले, की ते टोचतं.

उज्जैनची शेवटची गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं द्यायची होती. ते माईकवाले गृहस्थ आपणहून भाचीकडे आले आणि म्हणाले, “बेटा, कल गलती हुई. अपना नाम इसमें लिख दो.” तिने वहीत देवनागरीत लिहिलं. त्यांनी ळ वर बोट ठेवून विचारलं, “ये कैसे बोलते हैं?” तिने म्हणून दाखवलं. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. एकदा ल आला, एकदा ड आला, तिसऱ्यांदा काहीतरी मधलंच. माईकवरही ते मधलंच आलं. पण भाची पहिल्याच पुकाऱ्याला उठली.

घरी आल्यावर मुलांना ङ्गिडी म्हणायला बसवलं. थोरल्याला जमलं. धाकटा अजून लुंगीपाशीच अडतो. आईला विचारलं, तर ती म्हणाली, “मला बाबा काकाच बरा.”