पस्तिशीची वेस

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
मंत्रालय, मुंबई

विषय : अंगणवाडी सेविका व मदतनीस यांच्या नेमणुकीतली वयाची अट



दहावी-बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक फोटो हमखास असतो. आई आणि लेक, कधी सासू आणि सून, एकमेकींना पेढा भरवताना. मथळाही ठरलेला, जिद्दीला सलाम. चार दिवसांनी कुणी पुढारी घरी येऊन शाल-श्रीफळ देऊन जातो. लेकीचं पुढे काय ते सगळ्यांना कळतं, तिला कॉलेज असतं. आईचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. मी विचारते, कारण अशा कितीतरी जणींचे, बाहेरून परीक्षेला बसायचे 17 नंबरचे अर्ज मी भरून दिले आहेत आणि निकालानंतर त्या माझ्याकडेच येतात. "बाई, आता काय करायचं?"

त्यांना कलेक्टर व्हायचं नसतं. घर, गुरं, म्हातारी माणसं सोडून रोज तालुक्याला जाणंही जमणार नसतं. बारावीच्या कागदावर गावातल्या बाईला गावातच मिळेल असं काम मला तरी एकच दिसतं, अंगणवाडीचं. आणि तिथे 2023 च्या शासन निर्णयाने वेस घातली आहे. बारावी पास हवी, त्याच गावची रहिवासी हवी, वय 18 ते 35. विधवा असेल तर 40.

शिक्षणाची अट वाढवली त्याबद्दल माझी तक्रार नाही. तीन वर्षांच्या मुलाला शिकवायला शिकलेलीच बाई हवी. पण शिक्षण आणि वय या दोन अटी एकाच बाईच्या आयुष्यात कशा भेटतात, ते एकदा पाहा.

आमच्याकडची एक बाई सांगते. सातवीत शाळा सुटली, अठराव्या वर्षी लग्न, बाविशीत दोन मुलं. मग सासूचं आजारपण. धाकटा दहावीला बसला तेव्हा त्याचा अभ्यास घ्यायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून ही गाईड उघडून बसायची. एक दिवस म्हणाली, "मला हे येतंय की!" प्रेरणा म्हणतात ती मी पाहिली ती एवढीच. व्याख्यानं ऐकून परीक्षेला बसलेली बाई मला अजून भेटायची आहे.

तिचा दाखला काढायला आम्ही तिच्या माहेरच्या शाळेत गेलो. हेडमास्तरांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली. तिचं नाव सापडलं, अर्थात माहेरचं. आधारवर सासरचं, म्हणजे पुढे नावाच्या पुराव्यांची वेगळी वारी आलीच. जन्मतारखेच्या रकान्यात 1 जून. तिच्या वर 1 जून, खाली 1 जून, पानभर जवळजवळ सगळ्यांचा वाढदिवस एकच. पोर दारात उभं राहिलं की अंगाने बघून गुरुजींनी वर्ष टाकायचं, ही जुनी रीत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. सरकार आज ज्या तारखेवरून दिवस मोजून बाईला बाद करतं, ती तारीख अशी.

ती दहावी झाली. बारावीला बाहेरून बसायचं तर मध्ये दोन वर्षांचं अंतर लागतं, म्हणून थांबली. बारावीचं गुणपत्रक हातात आलं तेव्हा कागदावर एक्केचाळीस पूर्ण होती. त्याच सुमारास गावच्या अंगणवाडीची जाहिरात निघाली. तिचा अर्ज टेबलावरूनच परत आला. "विधवा असता तर चाळीसपर्यंत चाललं असतं," असं तिथल्या माणसाने सांगितलं. तो नियमच वाचून दाखवत होता, त्याला काय बोलणार! ही घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, तुम्ही गेला असतात तरी मी एका वर्षाने हुकलेच असते. हसत म्हणाली.

आता थोडं मागे जाऊ. अंगणवाडी ही कल्पना कुठून आली, हे आपल्या विभागाला मी सांगायला नको, तरी सांगते. ताराबाई मोडकांचा जन्म 1892 चा. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणात नाव कमावलं होतं. स्वस्थ बसल्या असत्या तरी पद्मभूषण चुकलं नसतं. पण 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि गरिबांच्या मुलांसाठी बालवाडी काढली. बरोबर होत्या अनुताई वाघ, तेव्हा पस्तीस वर्षांच्या. बालपणीच विधवा झालेल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर दोघींनी शाळाच मुलांच्या दारी नेली. पाड्यावर अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात भरली ती कुरणशाळा. 1957 मध्ये बिऱ्हाड कोसबाडच्या टेकडीवर हललं, तेव्हा ताराबाई पासष्ट वर्षांच्या होत्या. केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली 1975 मध्ये, त्यांच्या निधनानंतर. आज ताराबाई बोर्डीत सेविकेच्या जागेसाठी अर्ज घेऊन आल्या, तर छाननीतच बाद होतील.

आणखी एक हिशेब मला कळत नाही. राज्याच्या नोकरीत कारकून व्हायला खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 पर्यंत मुभा आहे. सेविकेला मात्र तुम्ही सरकारी कर्मचारी म्हणत नाही. तिला पगार नाही, मानधन आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं तेव्हा कुठे तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य झाला. द्यायची वेळ आली की मानसेवी आणि घ्यायची वेळ आली की कारकुनापेक्षाही कडक, हे कोणत्या न्यायात बसतं? आरोग्य खात्याच्या आशाताईंसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी 25 ते 45 हे वय योग्य मानलं. त्याच गावात, त्याच उन्हात, त्याच बाळंतिणींच्या घरी फिरणाऱ्या दोघी. एकीला पंचेचाळीस चालतं, दुसरीला छत्तीसही जड.

  

तुमच्याकडून येणारी उत्तरं मला पाठ आहेत. मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरायचा असतो, या बायकांना जमेल का? बचत गटाचं खातं, कर्जाचे हप्ते, फोनवरून पैसे पाठवणं, हे सगळं याच बायका करतात. बाळाची उंची आणि वजन भरता येणार नाही? दुसरं उत्तर, तरुण मुलींच्या जागा जातील. हा आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण विसाव्या वर्षी नेमलेल्या मुलीचं परगावी लग्न झालं की रहिवासाची अट मोडते आणि जागा पुन्हा रिकामी. बेचाळिशीची बाई कुठे जाणार? तिचं गाव ठरलेलं आहे. दोघींनाही एकाच गुणवत्ता यादीत येऊ द्या, जिचे गुण जास्त तिला जागा. तिला सवलत नको आहे, नुसता अर्ज घेतला जायला हवा आहे.

म्हणून मागणी एवढीच. सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांची वरची मर्यादा 45 करा, सरसकट. कुंकू असण्या-नसण्यावर पाच वर्षांची सूट देणं बंद करा. परित्यक्ता, नवरा दारूत बुडालेली, नवरा सुरतेला जाऊन परत न आलेली, यांना कोणत्या रकान्यात घालाल? शासन निर्णयातली एक ओळ बदलायची आहे. विधिमंडळात जायची गरज नाही.

पुढची भरती निघण्याआधी झालं तर बरं. आमच्याकडच्या त्या बाईच्या पंचेचाळिशीला अजून वेळ आहे, पण फार नाही.

कळावे,
आपली,
17 नंबरचे अर्ज भरून देणारी एक शिक्षिका

प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त, एकात्मिक बालविकास सेवा योजना, नवी मुंबई