गाव नसलेली नाणी

नाण्यांच्या प्रदर्शनाला आपल्याकडे ‘प्रदर्शन’ म्हणण्याचा प्रघात आहे. एखाद्या मंगल कार्यालयात दोन-तीन दिवस टेबले मांडली जातात, उद्घाटनाला कोणी मान्यवर येतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात इतिहासाच्या अमूल्य ठेव्यावर चार ओळी छापून येतात. वस्तुतः भिंतीलगतच्या काही काचपेट्या वगळल्या तर तेथे भरलेला असतो तो बाजार. बाजार भरण्यात गैर काही नाही. मी स्वतः गेली अनेक वर्षे अशा बाजारांतून नाणी घेत आलो आहे आणि पुढेही घेणार आहे. माझी तक्रार वेगळी आहे. तेथे विकल्या जाणाऱ्या वस्तूचा इतिहासाशी असलेला संबंध ती टेबलावर येण्यापूर्वीच तोडलेला असतो, आणि हे तोडणे विक्रेत्याला, संग्राहकाला, आयोजकाला आणि उद्घाटकालाही खटकत नाही. उलट या सर्व व्यवहाराला ‘इतिहासाचे जतन’ असे भारदस्त नाव दिले जाते. या नावालाच माझा आक्षेप आहे.

जुने नाणे आपल्याशी दोन प्रकारे बोलते. एक, त्याच्यावर जे कोरलेले असते त्यातून: राजाचे नाव, चिन्ह, लिपी, क्वचित वर्ष. दुसरे, ते जेथे आणि ज्यांच्या सोबत सापडले त्यातून. पहिली भाषा नाण्यापासून हिरावता येत नाही. दुसरी मात्र हंडा फुटताक्षणी, नाणी वाटली जाताक्षणी कायमची नाहीशी होते. आणि आपल्या प्राचीन इतिहासाचा केवढा तरी भाग या दुसऱ्या भाषेतून वाचला गेला आहे.

जोगलटेंभीचे उदाहरण घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा निधी सापडला. नाणी सव्वातेरा हजारांच्या आसपास होती आणि सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता; उरलेली कोरी, म्हणजे मूळ रूपात होती. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा जो प्रसिद्ध लेख आहे, त्यात तिच्या मुलाने क्षहरात वंश निर्मूल केल्याचे म्हटले आहे. पण तो एका आईने आपल्या दिवंगत मुलाविषयी कोरवलेला लेख. त्यातले किती खरे आणि किती मातृहृदयाचे, हे केवळ लेखावरून कसे ठरवणार? ते ठरवायला जोगलटेंभीचा हंडा उपयोगी पडला. पराभूत राजाचे चलन विजेता हाती घेतो आहे, त्यावर आपली मुद्रा उमटवतो आहे, आणि हे काम दोन-तृतीयांशाहून थोडे पुढे गेले असताना हा साठा जमिनीत पुरला गेला आहे, इतके त्यातून दिसले. रेव्हरंड स्कॉट यांनी तो साठा तपासून त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, म्हणून हे आज शालेय पुस्तकापर्यंत पोचले आहे.

आता कल्पना करा की तो हंडा आज सापडला. आठ दिवसांत नाणी निवडली जातील. ज्यांवर राजाचा चेहरा ठसठशीत आहे ती एका बाजूला, दोन्ही ठसे स्पष्ट असलेली दुसऱ्या बाजूला, झिजलेली तिसऱ्या. पहिली दोन प्रकारची नाणी शहरांत जातील, तिसरी वजनावर. नहपानाचे एकेक नाणे प्रदर्शनातून सुटे विकले जाईल आणि प्रत्येक घेणाऱ्याला वाटेल, आपण इतिहास घरी नेत आहोत. त्याच्या हाती दोन-सव्वादोन ग्रॅम चांदी आणि एक चेहरा येईल. कोऱ्या आणि ठसा मारलेल्या नाण्यांचे जे प्रमाण, ज्यात खरा इतिहास होता, ते कोणाच्याही हाती येणार नाही.

दुसरे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. पुण्यात गणित शिकवणाऱ्या या माणसाने तराजू घेऊन आहत नाणी तोलायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे साधे होते: नाणे हातोहात फिरताना झिजते; झिजते म्हणून सरासरी वजन घटते आणि वजनांतला फरक वाढत जातो. एका नाण्याच्या वजनावरून काहीच सिद्ध होत नाही, पण एकत्र सापडलेल्या शेकडो नाण्यांवरून कोणता गट अधिक काळ चलनात होता हे सांगता येते. त्यांनी ही पद्धत तक्षशिलेच्या निधींवर वापरली. तेथे भीर टेकाडावर १९२४ साली सापडलेल्या निधीत आहत नाण्यांच्या मोठ्या राशीबरोबर अलेक्झांडरची दोन आणि फिलिप अर्‍हिडेयसचे एक नाणे होते, जवळजवळ न झिजलेले. त्या तीन नाण्यांमुळे उरलेल्या सगळ्या राशीला इसवीसनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीचा आधार मिळाला. नाव-तारीख नसलेल्या आहत नाण्यांच्या अभ्यासात असा आधार फार दुर्मीळ. आजच्या बाजाराच्या हिशेबाने पाहिले तर ती तीन ग्रीक नाणी सर्वप्रथम बाहेर काढली गेली असती, सर्वांत महाग विकली गेली असती, आणि मागे उरलेली रास पुन्हा मुकी झाली असती.

ही उदाहरणे मनात ठेवून प्रदर्शनाच्या सभागृहात शिरावे. दाराशीच एखादे गृहस्थ वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे मुठीत धरून टेबलाटेबलाशी चौकशी करत असतात. त्याचे लाखो रुपये मिळतात असे त्यांनी कोठेतरी वाचलेले असते. अशा फसव्या जाहिरातींविरुद्ध रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला होता, तरी हे गृहस्थ दर वर्षी येतात. त्यांना हसणे सोपे आहे. पण आत बसलेले जाणते संग्राहक आणि ते यांच्यात फरक ज्ञानाचा असला, तरी प्रश्न दोघांचा एकच असतो: याचे किती येतील?

मध्यंतरी पुण्यातल्या अशाच एका प्रदर्शनात एका टेबलावर तांब्याच्या चाळीस-पन्नास शिवराया पाहिल्या. सगळ्यांवर एकाच प्रकारची माती, एकाच छटेचा हिरवट थर. एकत्र सापडलेल्या असणार हे कोणालाही कळावे. मी विक्रेत्याला विचारले, हा लॉट कोठला? त्याने माझ्याकडे क्षणभर रोखून पाहिले आणि म्हणाला, “पार्टीकडून आलाय साहेब. घराण्यातला आहे.” कोणत्या गावची पार्टी, असे पुढे विचारले तेव्हा त्याने शेजारच्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली. दुपारपर्यंत त्यांतल्या दहा-बारा चांगल्या शिवराया वेगळ्या विकल्या गेल्या होत्या. संध्याकाळी पाहिले तर काही नाणी चिंचेने घासून लखलखीत केलेली. तांब्यावर शतकानुशतके बसलेला तो थर अर्ध्या तासात गेला. त्या थराला चिकटलेली माती त्यांच्या गावाची शेवटची खूण होती.

त्या विक्रेत्याची बाजू मी जाणतो. गाव सांगितले तर उद्या पोलीस येतील, ही त्याची भीती खोटी नाही. तिच्याकडे पुढे वळतो. पण शिवराईच्या बाबतीत गाव न सांगण्याने आणखी एक खोटेपणा सुखाने नांदतो. टेबलावरच्या प्रत्येक शिवराईवर ‘शिवकालीन’ अशी चिठ्ठी असते. १६७४ साली राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाचे नाणे सुरू झाले हे खरे. पण ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ ही अक्षरे पुढील छत्रपतींच्या व पेशव्यांच्या काळातही, निरनिराळ्या टाकसाळींत, तांब्यावर उमटत राहिली. पेशवाई बुडाल्यावरही शिवराई लोकांच्या व्यवहारात होती. बाजारात दिसणाऱ्या बहुसंख्य शिवराया उत्तरकालीन आहेत, हे प्रत्येक जुन्या विक्रेत्याला ठाऊक असते. अक्षरांची वळणे, ऱ्हस्व-दीर्घाचे फरक, दुदांडीसारखे प्रकार यांवरून काळ आणि टाकसाळ ठरवता येईल, पण केव्हा? कोणता प्रकार कोणत्या भागात, कशाच्या सोबत सापडतो याची नोंद असेल तेव्हा. ती नोंद नसल्याने भाविक माणसाला पेशवाईतले नाणे महाराजांच्या हातचे म्हणून विकता येते. तो ते देव्हाऱ्यात ठेवतो. श्रद्धेचा असा व्यापार करून वर इतिहासप्रेमाचे प्रमाणपत्र मागणे हा उद्धटपणा आहे.

अलीकडे या बाजाराला शास्त्रीयतेचा मुलामा मिळाला आहे. नाणे परदेशी कंपनीकडे पाठवायचे, ते प्लॅस्टिकच्या डबीत बंद होऊन येते, वर १ ते ७० यांपैकी एक आकडा. या मापनाचा उगम पाहण्याजोगा आहे. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ साली आपल्या देशातल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ते तयार केले. ७० दर्जाच्या नाण्याची किंमत १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे मापन जन्मतःच भावाचे. ते आता ऐरणीवर हाताने ठोकलेल्या मराठी नाण्याला लावले जाते आणि संग्राहक त्या आकड्यावर हजारो रुपये अधिक मोजतो. डबीच्या लेबलावर राजा असतो, धातू असतो, दर्जा असतो. कोठे सापडले, यासाठी तेथे जागाच नसते.

माझ्या या म्हणण्यावर संग्राहकांचे ठरलेले उत्तर आहे: आम्ही नसतो तर ही नाणी सराफाच्या मुशीत गेली असती. हे पुष्कळ अंशी खरे आहे आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. नाणकशास्त्र पढिक प्राध्यापकांनी एकट्याने उभे केलेले नाही, हेही खरे. १८३७ साली ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवणारा जेम्स प्रिन्सेप टाकसाळीतला अधिकारी होता. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टाकसाळी व नाणी यांवरील १९८९ चा ग्रंथ आजही ज्याला त्याला उघडावा लागतो, आणि तो अंजनेरीच्या नाणक संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. पण म्हणूनच प्रश्न अधिक बोचतो. मुशीपासून वाचवलेले नाणे गाव पुसून विकले, तर धातू वाचला, पुरावा वितळलाच.

राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड काढले. सुबक अक्षराची पत्रे तेवढी ठेवून बाकीची त्यांनी वाटून टाकली असती, तर आज आपण त्यांना काय म्हटले असते? १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि अलाहाबादला भारतीय नाणक परिषद अशा दोन संस्था निघाल्या. कागदाच्या बाबतीत ‘हा कोणाच्या दप्तरातला?’ हे विचारण्याची शिस्त मराठी अभ्यासकाच्या अंगवळणी पडली. नाण्याच्या बाबतीत, शंभराहून अधिक वर्षांनी, तो प्रश्न विचारणारा माणूस पोलिसांचा खबऱ्या समजला जातो.

यात कायद्याचा दोष आहेच. १८७८ चा भारतीय गुप्तनिधी अधिनियम सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे. मग जाहीर सूचना, चौकशी, महिन्यांची प्रतीक्षा. आणि सरकारने निधी घ्यायचे ठरवले तर मोबदला किती? धातूची किंमत अधिक तिचा एक-पंचमांश. बाजारात शेकडो रुपयांना जाणाऱ्या तांब्याच्या नाण्याचे शेतकऱ्याला मोडीच्या भावाने पैसे! न कळवल्यास शिक्षा आहेच. अशा स्थितीत तो पार्टी होणार नाही तर काय होणार? इंग्लंडने १९९६ चा कायदा करून बाजारभावाने मोबदला देण्याची व्यवस्था केली, सुट्या सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद घेणारी यंत्रणा १९९७ पासून उभारली, आणि तेथे दहा लाखांहून अधिक वस्तूंची स्थळासह नोंद झाली. तेथील शेतकरी आपल्यापेक्षा सात्त्विक आहे असे मानण्याचे कारण नाही. त्याला खरे सांगणे परवडते, इतकेच.

परंतु कायद्याकडे बोट दाखवून संग्राहकाची सुटका होत नाही. कायदा बदलेपर्यंतही काही गोष्टी आपल्या हातात आहेत. गाव सांगता येत नसेल तर तालुका सांगावा; तालुका नको तर जिल्हा. एकत्र आलेला लॉट फोडण्यापूर्वी त्याचे एक छायाचित्र काढावे, नाणी मोजावी, तोलावी. यात एक दुपार जाते. आयोजकांनी सत्कारासाठी मांडलेल्या व्यासपीठाशेजारी एक टेबल नोंदीसाठी मांडावे, जेथे नाव न विचारता नाणे तोलले जाईल आणि जिल्हा लिहून घेतला जाईल. आणि संग्राहकाने खरेदीपूर्वी ‘किती?’ च्या आधी ‘कोठले?’ विचारावे. शंभर गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्या टेबलाला भाव येईल, आणि भावाची भाषा या बाजाराला उत्तम कळते.

हे करायचे नसेल तर करू नये. पितळी वाती, जुनी घड्याळे, काडेपेट्यांची चित्रे जमवणारेही असतात, आणि कोणी त्यांच्या आनंदात विघ्न आणत नाही. नाणी त्याच आनंदाने जमवावी. फक्त प्रवेशद्वारावरच्या फलकातून ‘इतिहास’ हा शब्द खाली उतरवून ठेवावा.