बालवाडीचीं खेळणीं आणि घाऊक भाव

शिरूर व दौंड तालुक्यांत बालवाड्या चालविणाऱ्या कांहीं भगिनींनीं शैक्षणिक खेळणीं घाऊक दरानें कशीं मागवावींत, अशी पृच्छा आमच्याकडे केली आहे. पैसा वर्गणीचा, तेव्हां विषय क्षुल्लक नव्हे. बहुतेक पत्रांत 'आपलें दरपत्रक पाठवावें' एवढेंच लिहिलेलें असतें. मग उत्तरादाखल रंगीत चित्रांचें जाड पुस्तक येतें, आणि भाव मात्र 'चौकशी करावी' असा!

आपणांस काय हवें तें आधीं मापासह लिहावें. माँटेसरी पद्धतींतील गुलाबी मनोराच घ्या. त्यांत दहा घन. सर्वांत लहानाची कड १ सेंटिमीटर, मोठ्याची १०. दहाही एकावर एक रचले कीं उंची बरोबर ५५ सेंटिमीटर भरली पाहिजे. लांकूड नीट वाळलेलें नसेल तर कडा आखडतात, शेजारशेजारचे दोन घन सारखेच भासूं लागतात, आणि मूल बिचारें गोंधळतें. आपली चूक आपणांसच उमगावी म्हणून तर हीं मापें बांधलेलीं आहेत. तींच बिघडलीं तर उरला तो नुसता रंगविलेला ठोकळा. यास्तव एक नमुना विकत मागवावा, त्यास फूटपट्टी लावावी, व मगच डझनाची मागणी नोंदवावी. फुकट नमुना मागूं नये. तो निवडून पाठविलेला असतो.

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह सक्तीचें झालें आहे. त्याचा परवाना-क्रमांक पत्रांतच विचारावा. केंद्राच्या हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनीं केलेल्या व विकलेल्या मालास यांतून सूट आहे. तेथें नोंदणीचा दाखला पाहावा.

आतां भाव कोठवरचा, हा प्रश्न. दौंड जंक्शन आहे. शिरुरास रेल्वे नाहीं, माल पुण्याहून नगररस्त्यानें मोटारींतून यावयाचा. म्हणून दुकानावरचा, दौंडपोच व शिरूरपोच असे तीन दर निरनिराळे मागावे. दोन्ही तालुक्यांनीं मिळून मागणी केली तर दर उतरतो खरा, पण सगळीं खोकीं एकाच गांवीं उतरवून पुढें न्यावीं लागलीं, तर उतरलेला दर भाड्यांतच जातो. सहा, बारा व चोवीस नगांचे दर, बांधणावळ, वस्तु-सेवाकर, वाटेंत मोडतोड झाल्यास बदली कोणी द्यावयाची, हें सर्व लेखी घ्यावें. एखादा घन हरवल्यास सुटा मिळेल काय, हेंही विचारावें. एका घनापायीं सबंध मनोरा पुन्हां घेणें कोणास परवडेल?

सर्वच विकत घ्यावें असेंही नव्हे. १९४५ सालीं ताराबाई मोडकांनीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तेव्हां पानें, बिया, शंख-शिंपले हींच त्यांचीं साधनें झालीं. आपल्याकडे भीमा आणि घोड या नद्यांच्या कांठीं गुळगुळीत गोटे हवे तेवढे आहेत, चिंचोक्यांस तर तोटाच नाहीं. मोजणीस हें पुरे. पैसा मापाच्या वस्तूंसाठीं राखावा.

शाळा जूनमध्यें उघडतात. पत्रें माघांतच तीन-चार ठिकाणीं टाकावीं, आणि दर कोणत्या तारखेपर्यंत कायम राहील तें मागवून घ्यावें.