कानाचा पाठ

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली. पाव शतक लोटले, तरी जळगाव-धुळ्याकडील अनेक मुले इंग्रजी धडा वाचतात. पण तेच वाक्य कोणी बोलले की गोंधळतात. दोष मुलांचा नव्हे. त्यांच्या कानाला आम्ही शिकविलेच नाही.

श्रवणाचा पाठ वर्गात होतो, त्याचे निरीक्षणही होते. तथापि निरीक्षक पाहतात काय? शिक्षकाचा उच्चार, फळ्यावरील अक्षर आणि वह्या! शिक्षक उतारा वाचतो, मुले पुस्तकात डोळे घालून बसतात. हा वाचनाचाच पाठ होय.

2019 च्या दहावीला भाषांचे 20 तोंडी गुण काढण्यात आले. निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर उतरला आणि ते गुण पुन्हा बहाल झाले. गुण परतले, श्रवणाचे काय?

खानदेशाला कानाची महती सांगावयास नको. निरक्षर बहिणाबाई चौधरींची भाषा कानावरच पोसली होती. घरी अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी ऐकणाऱ्या मुलाचा कान काही मंद नसतो.

म्हणून आमची सूचना अशी : निरीक्षकांनी शेवटच्या बाकावर बसावे. पुस्तके मिटलेली असावीत. ऐकण्यापूर्वी एक प्रश्न द्यावा, उतारा दोनदा ऐकवावा, आणि उत्तर अहिराणीत आले तरी ते ग्राह्य धरावे. कोणते वाक्य कोठे निसटले, एवढेच टिपून शिक्षकाला सांगावे. यास पैसा लागत नाही. शिक्षणखात्याने मनावर मात्र घेतले पाहिजे.