खिशात कॅमेरा, दारात एआय. मग फोटोग्राफीची पदवी घ्यायची कशाला?

बारावीनंतर फोटोग्राफी शिकायची म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो, ‘त्यासाठी कॉलेज कशाला?’ प्रश्न चुकीचा नाही.

मे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ‘शिकागो सन-टाइम्स’नं आपला अख्खा फोटो विभाग बंद केला आणि बातमीदारांना आयफोनवर फोटो काढायला शिकवलं. एप्रिल २०२३ मध्ये जर्मन कलाकार बोरिस एल्डागसेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधलं बक्षीस नाकारलं. कारण त्यांची एंट्री एआयनं बनवलेली होती. परीक्षकांनी ती निवडली होती!

पदवीशिवाय जमतं का?

जमतं. रघु राय शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग. पुलित्झर विजेते दानिश सिद्दिकी यांनी जामियातून मास कम्युनिकेशन केलं. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे.मध्ये कला शिकल्या. कॅमेरा त्यांच्या हाती दिला माणेकशा व्यारावाला यांनी.

मग विद्यापीठ काय देतं?

बटण दाबणं यूट्यूबवरही शिकता येतं. विद्यापीठात मिळतो तो वेळ, स्टुडिओ, फोटोचा इतिहास आणि तुमच्या कामातल्या चुका तोंडावर सांगणारी माणसं. शिवाय व्यवहाराचं ज्ञान. उदाहरणार्थ, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक ग्राहक असतो, तुम्ही नाही. लग्नाचे फोटो शूट करणाऱ्या कित्येकांना हे वाद झाल्यावरच कळतं.

कुठे शिकता येतं?

मुंबईच्या जे. जे.मध्ये उपयोजित कलेच्या पदवीत फोटोग्राफी शिकवली जाते. २०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एनआयडीच्या गांधीनगर कॅम्पसमध्ये फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. हैदराबादच्या जेएनएएफएयू विद्यापीठात फोटोग्राफीची पदवी घेता येते.

फी भरण्याआधी काय तपासाल?

यूजीसी कायदा १९५६ नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि संसदेनं अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. खासगी संस्थेचा डिप्लोमा कामाचा असू शकतो, पण ती पदवी नव्हे. पुढे एमए किंवा पदवी लागणारी नोकरी करायची असेल, तर हा फरक महागात पडतो. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ मागा. कॅमेरा-लेन्स संस्था देते की स्वतः घ्यायची, तेही विचारा. फीशिवायचा मोठा खर्च तोच असतो.

थोडक्यात काय?

फक्त कॅमेरा शिकायचा असेल, तर छोटा कोर्स आणि एखाद्या चांगल्या फोटोग्राफरच्या हाताखाली काम पुरे. शिकवायचं असेल, संशोधन करायचं असेल किंवा स्वतःची नजर घडवायला काही वर्षं द्यायची असतील, तर पदवीला अर्थ आहे. एआय पुराचं हुबेहूब चित्र बनवेल, पण पुराच्या पाण्यात उभं राहून ‘हे घडलं’ असं सांगू शकणार नाही. ही जबाबदारी जिथे शिकवतात, तिथेच पैसे घाला.