५,९०,५४,०८७ मूर्ख?

अध्यक्ष निवडायचा अमेरिकेने आणि निकालावर भांडायचे साऱ्या जगाने, ही आता रीतच होऊन बसली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला डोनाल्ड ट्रम्प पुन्हा निवडून आल्याचे कळले, तेव्हा आमच्या वसतिगृहातही चहा गार होईपर्यंत वाद रंगला. तामिळनाडूतले तुलसेंद्रपुरम हे कमला हॅरिस यांच्या आजोबांचे गाव. तिथल्या देवळात त्यांच्यासाठी पूजा झाली होती, ती वाया गेली म्हणून कोणी हळहळले. कोणी टेबल बडवून ट्रम्प यांचा जयजयकार केला. शेवटी एकाने निर्णय दिला, "अमेरिकन लोक मूर्ख आहेत." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याबद्दलच चार शब्द लिहावेसे वाटतात.

मित्रहो, परक्यांच्या निवडणुकीवर आपण बोलूच नये असे माझे म्हणणे नाही. परिणाम भोगणाऱ्याला बोलण्याचा हक्क असतोच. २०१६ साली ट्रम्प प्रथम निवडून आले त्याच रात्री मेक्सिकोचा पेसो कोसळला. पेसोत मजुरी घेणाऱ्या माणसाने 'आपला काय संबंध' म्हणून गप्प बसावे काय? रशियाच्या संसदेत त्याच बातमीवर टाळ्या वाजल्या. पुढे २१ जानेवारी २०१७ ला, शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी, लंडन, पॅरिस, सिडनी अशा शहरांतून स्त्रियांचे मोर्चे निघाले. टाळ्या असोत वा मोर्चे, ते निवडून आलेल्या माणसाविषयी होते. मत देणाऱ्याला मूर्ख ठरवणे ही मात्र निराळी गोष्ट आहे.

ती कशी अंगाशी येते याचे उदाहरण २००४ सालचे. जॉर्ज बुश दुसऱ्यांदा उभे होते, समोर जॉन केरी. इराकच्या युद्धात ब्रिटनचे सैनिकही होते, त्यामुळे ब्रिटिश माणसाला या निवडणुकीची चिंता वाटावी हे रास्तच. परंतु 'गार्डियन' या लंडनच्या दैनिकाने अजब उद्योग केला. ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीची (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) मतदारयादी २५ डॉलरला मिळवली, आणि कोणत्याही पक्षाकडे नोंद नसलेल्या मतदारांची नावे व पत्ते आपल्या वाचकांना वाटले. यांना पत्रे लिहा, म्हणे! दहा हजारांहून अधिक वाचकांनी नावे मागितली. कादंबरीकार जॉन ल कारे, शास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांच्यासारख्या बड्यांनीही पत्रे लिहिली.

कल्पना करा, ओहायोतला एखादा कामगार संध्याकाळी घरी येतो आणि टपालपेटीत समुद्रापलीकडच्या अनोळखी विद्वानाचे पत्र, 'तू मत असे दे'. तिकडून संतापाची उत्तरे आली आणि मोहीम आवरती घ्यावी लागली. २००० साली क्लार्क काउंटीत अल गोर यांना ३२४ मते जास्त होती. २००४ साली तिथे बुश सोळाशेहून अधिक मतांनी पुढे गेले. गोर यांनी ओहायोत जिंकलेल्या काउंट्यांपैकी बुश यांच्याकडे गेली ती एवढी एकच. हे पत्रांमुळेच झाले असे सिद्ध करता येणार नाही, पण पत्रांनी केरी यांचे भले केले असे तर मुळीच म्हणता येणार नाही.

निकालानंतर, ४ नोव्हेंबरला, लंडनच्याच 'डेली मिरर'ने पहिल्या पानावर बुश यांचे छायाचित्र छापून विचारले, ५,९०,५४,०८७ माणसे इतकी मूर्ख कशी असू शकतात? एकूण एक मतदार मोजला होता! त्यातला कोणी धर्मासाठी, कोणी युद्धाच्या भीतीने, कोणी केरी पटले नाहीत म्हणून मत देऊन आला असेल. मथळ्यात त्या सर्वांचा एकच शब्द झाला. गंमत अशी की पुरत्या मोजणीत केरी यांनाही ५ कोटी ९० लाखांच्या घरात मते पडली, त्या शहाण्यांचा आकडा कोणी पहिल्या पानावर छापला नाही. आणि पुढे सहाच महिन्यांनी, मे २००५ मध्ये, ब्रिटिश मतदारांनी टोनी ब्लेअर यांचा पक्ष तिसऱ्यांदा निवडून दिला. ब्रिटनला त्या युद्धात नेणारे तेच!

आता माझे हसणे. अमेरिकेच्या निकालानंतर सतरा दिवसांनी, २३ नोव्हेंबर २०२४ ला, आपल्या विधानसभेचा निकाल लागला. तीच खोली, तोच चहा, तेच मित्र. या वेळी कोणी म्हणाला, "बायका पंधराशे रुपयांत विकल्या गेल्या." पुन्हा सगळे हसले. मला हसता आले नाही. माझी आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. 'लाडकी बहीण'चे पंधराशे तिच्या खात्यावर येतात, आणि त्यातून माझी खानावळीची थकबाकी फिटली होती. योजना बरी की वाईट, ती नेमकी निवडणुकीच्या तोंडावर का आली, यावर खुशाल भांडा, मीही भांडेन. पण ज्यांनी माझ्या आईला कधी पाहिले नाही, त्यांनी तिच्या मताची किंमत ठरवून टाकली होती. मी तरी ओहायोतल्या कोणाला पाहिले होते? मी ताटासारखा गप्प बसून राहिलो.

पुढच्या रविवारी घरी गेलो, तेव्हा तिच्या बोटावरची शाई अर्धीमुर्धी उतरली होती. मत कोणाला दिलेस, म्हणून मी विचारले.

"ते सांगायचं असतं व्हय?" एवढेच म्हणून ती खुरपे घेऊन बाहेर पडली.